दर्याचा परवाना

दर्यावर कोणी कोणाला अडवत नाही, तिथे सगळे मोकळे, असे घाटावरून येणाऱ्या पाहुण्यांना वाटते. मालवणच्या किनाऱ्यावर हयात गेलेल्या माणसाला तसे वाटत नाही. गेली पाचशे वर्षे इथल्या होडीला कोणी ना कोणी विचारतच आले आहे: होडी कोणाची, तांडेल कोण, माणसे किती, माल काय, निघाली कुठे? विचारणारे बदलले. पोर्तुगीज आले, आंग्रे आले, इंग्रज आले, आता आपलेच सरकार आहे. प्रश्न मात्र तेच राहिले.

मी गाबितांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या घरातला. पोटासाठी मात्र शाळेत इतिहास शिकवला. तंत्रज्ञान, खासगीपणा आणि जगाचे राजकारण हे तीन विषय आजकाल आमच्या बाजारपेठेतल्या चहाच्या टेबलावरही निघतात. तिथे माझे म्हणणे ठरलेले असते. हे तीन विषय वेगळे नाहीत, आणि आपल्याकडे ते मोबाइलबरोबर आलेले नाहीत. किनाऱ्यावर ते जहाजातून आले, तेही सोळाव्या शतकात.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पुढची वाट त्याला मालिंदीच्या सुलतानाने दिलेल्या वाटाड्याने दाखवली. पुढे थोड्याच वर्षांत पोर्तुगिजांनी जाहीर केले की हा समुद्र आमच्या राजाचा, आणि त्यावरून जायचे तर आमचा परवाना हवा. त्या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, खलाशी किती, शस्त्रे किती आणि कुठून कुठे जाणार एवढे सगळे लिहिलेले असे. मिरी, दारूगोळा, लोखंड असा अमुक माल न्यायचा नाही, अमुक माणसे चढवायची नाहीत, अशा अटी असत. जाता-येता त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची फी किरकोळ होती. खरी किंमत या थांबण्यात आणि जकातीत होती. कागद नसेल तर जहाज जप्त, आणि माणसांचे काय करायचे ते पकडणाऱ्याच्या मर्जीवर.

1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि आमचा किनारा त्यांच्या अंगणात आला. लहान गलबते काफिला करून चालत, पुढेमागे पोर्तुगीज लढाऊ नावा. काफिल्यात राहिले तर चाच्यांपासून बचाव होई आणि त्याच वेळी प्रत्येक गलबत नजरेखाली राही. राखण आणि पाळत ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हाती असली की कुठले काम कधी चालू आहे हे राखल्या जाणाऱ्याला कळत नाही.

कार्ताझाच्या बदल्यात मिळत काय होते? मुख्यतः खुद्द पोर्तुगिजांपासून संरक्षण. आणि तेही पक्के नव्हते. 1613 मध्ये सुरतेजवळ त्यांनी 'रहीमी' हे जहाज धरले. ते जहांगीर बादशहाच्या आईचे होते, यात्रेकरूंना मक्केच्या वाटेने नेणारे. परवाना जवळ होता तरीही धरले. पातशहाच्या आईचा कागद चालला नाही, तर आचऱ्याच्या किंवा निवतीच्या गलबतवाल्याचा काय चालणार?

त्याआधी अकबराच्या काळात एक गोष्ट घडली, ती बदायुनी या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. दरबारातल्या एका बड्या मौलवीने मत दिले की आता हज करणे बंधनकारक नाही. समुद्राने जायचे तर ज्या कागदावर मरियम आणि येशू यांच्या प्रतिमा आहेत तो जवळ बाळगावा लागतो, आणि ते धर्मात बसत नाही. त्या मौलवीच्या हेतूवर बदायुनीचा विश्वास नव्हता, पण मुद्दा खोटा नाही. परवाना फक्त वाट देत नाही, तो बाळगणाऱ्याला स्वतःच्या अटी मान्य करायला लावतो. मोबाइलवर 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवताना आपण तेच करतो, आणि अटी वाचतही नाही.

कागदाबरोबर नकाशा आला. 1538-39 मध्ये जुआंव द काश्त्रू हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवपर्यंत गेला आणि वाटेतली बंदरे, खाड्यांची मुखे, खडक, पाण्याची खोली हे सगळे त्याने लिहून आणि चितारून घेतले. पुढे हाच माणूस गोव्याचा व्हाइसरॉय झाला. त्याचे काम अतिशय बारकाईचे होते, अभ्यासक आजही त्याला मान देतात, मीही देतो. पण शिक्षक म्हणून मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत आलो. ज्या किनाऱ्याची माहिती तिथल्या तांडेलांच्या डोक्यात होती, ती एकदा परक्याच्या वहीत उतरली की तिचा मालक बदलतो. तांडेलाकडे ती अजून असते, पण आता ती फक्त त्याच्याकडे नसते.

शिवाजी महाराजांना हे नेमके कळले होते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि 1667 मध्ये पुरे झाले. पाहुणे तट बघतात, बुरूज बघतात. मी त्यांना किल्ल्याभोवतीचे पाणी बघायला सांगतो. ओहोटीला काळे खडक डोके वर काढतात, भरतीला एकही दिसत नाही. धोंतारा आणि पद्मगड या छोट्या बेटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने होडी आत न्यायची. ती वाट इथल्या माणसाला पाठ होती, परक्या जहाजाला ती सापडत नसे. फेब्रुवारी 1665 मध्ये याच मालवणहून आरमार घेऊन महाराज कर्नाटकातल्या बसरूरवर गेले. सागरी सत्ता उभी राहिली त्यात चुना, शिसे आणि दगड होते, तसेच कोळ्या-गाबितांनी सांभाळून ठेवलेले ज्ञानही होते. ते ज्ञान उघड्यावर पडले नाही म्हणून किल्ला दीर्घकाळ सुरक्षित राहिला.

मराठ्यांनीही परवाने दिले, हे लपवायचे कारण नाही. आमच्या जिल्ह्यातला विजयदुर्ग हे आंग्र्यांचे मोठे ठाणे. कान्होजी आंग्रे व्यापारी जहाजांकडे आपले दस्तक मागत. इंग्रजांनी ते मानायला नकार दिला आणि कान्होजींना चाचा ठरवले. 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1721 मध्ये पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाबा किल्ल्यावर इंग्रज चालून आले. तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. कागद मागण्याचा हक्क कोणाचा, यावरच ही भांडणे होती. ज्याच्या तोफा मोठ्या त्याचा परवाना कायदेशीर ठरतो आणि दुसऱ्याची ती चाचेगिरी. आज एखादा बडा देश दुसऱ्यांची जहाजे तपासतो तेव्हा मला कान्होजी आठवतात.

तरीही मराठ्यांच्या बाजूने एक गोष्ट अभिमानाने सांगतो. 1715 च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या सावकारांनी कौल, म्हणजे अभयपत्र, घेतला आहे त्यांच्या वाटेला आरमाराने जाऊ नये, असे त्यात बजावले आहे. म्हणजे कौल देणाऱ्यावरही बंधन. आणि त्याच प्रकरणात जहाजांच्या लाकडाबद्दलची सूचना आहे: रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये; एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या खुशीने तोडावे. राज्याला गरज आहे, आरमाराला लाकूड लागते, शत्रू समोर आहे, तरीही झाडाच्या धन्याला विचारायचे. राज्याच्या सुरक्षेचे कारण पुढे करून कोणी आज आपल्याकडून काही मागतो तेव्हा हे पान काढून त्याच्यासमोर ठेवावे असे मला वाटते.

1756 मध्ये विजयदुर्ग पडला. 1812 च्या तहाने कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले. मग बंदरखात्याची नोंदणी, जकातनाके, दाखले. मिठागरांवर सरकारी पहारा बसला, आणि ज्या किनाऱ्यावर मीठ आपोआप साचते तिथे ते उचलायला बंदी आली. मे 1930 मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तेरेखोल खाडीच्या पलीकडे तर 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजच होते. खाडीच्या दोन्ही तीरांवर नातीगोती, आणि मध्ये दुसऱ्या देशाची सरहद्द. लग्नकार्याला जायचे तरी कागद.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आमच्या होड्यांना फारसे कोणी विचारले नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होडी पाण्यात. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, गावच्या गाव दोरीला लागे आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळे. हा मोकळेपणा दोन घटनांनी संपला. 1993 मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि मुंबई हादरली. पुढे कराचीहून आलेल्या दहा जणांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली, तिच्यावरच्या माणसांना मारले आणि 26 नोव्हेंबर 2008 ला रबरी होडीतून ते मुंबईच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांना पहिल्यांदा 'कोण तुम्ही?' असे विचारले ते तिथल्या कोळ्यांनी. पाचशे वर्षे ज्यांना हा प्रश्न विचारला गेला, त्या दिवशी तो विचारण्याचे भान त्यांनाच होते.

पण त्यानंतर संशयाची नजर वळली ती त्यांच्याकडेच. बोटांच्या ठशांची ओळखपत्रे आली, होड्यांना रंगांचे संकेत आले, सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, 'सागर कवच' नावाचा सराव ठरल्या वेळी होऊ लागला. यातले बरेच आवश्यक होते, हे मी मनापासून मानतो. आमच्याच वाटेने मरण मुंबईत गेले, हे विसरून चालणार नाही. वीस मीटरपेक्षा मोठ्या नौकांना स्वतःचा ठावठिकाणा सतत कळवणारे यंत्र सक्तीचे झाले. आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते लहान होड्यांसाठीच्या योजनेची सुरुवात झाली. देशभरात एक लाख होड्यांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉण्डर बसवायचे, मच्छीमाराला ते मोफत.

अशी पेटी मी मालवणच्याच दांडी किनाऱ्यावर, नात्यातल्या एका मुलाच्या होडीवर हात लावून पाहिली. डब्याएवढा संच, वर छोटा अँटेना, संकटात दाबायचे एक बटण, मोबाइलला जोडले की संदेश येतात-जातात. वादळाची सूचना मिळते, सागरी हद्द जवळ आली तर इशारा मिळतो. मुलगा समजूतदार आहे, यंत्राला नावे ठेवणारा नाही. पण त्याने मला विचारले, "काका, होडी खंय थांबली ता ह्या पेटयेक कळतला. मगे आमची जागा आमची कशी ऱ्हवतली?" जाळे विणत बसलेली त्याची आई मान वर न करता म्हणाली, "तुका जागेची पडली, माका तुजी."

मला वाटते, खासगीपणावरचा सगळा वाद या दोन वाक्यांत येतो, आणि दोघेही खरे बोलतात.

मुलाची 'जागा' म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. पाण्याखाली खडप असते, तिथे मासळी राहते. वरून समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो. जुने तांडेल ती जागा जमिनीवरच्या खुणांनी धरत. एका बाजूला डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणायचे, दुसऱ्या बाजूला बेटाची कड आणि किनाऱ्यावरचे एखादे उंच झाड. दोन रेषा जिथे मिळतात तिथे नांगर टाकायचा. ही जोडी बाप मुलाला सांगे, तीही मुलगा चार पावसाळे काढून तयार झाल्यावर. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, बँक तिच्यावर कर्ज देत नाही, तरी घराची कमाई तिच्यावर चालते. खासगीपणा म्हणजे चारित्र्यात काही लपवायचे असणे, असे अनेकांना वाटते. "माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही" हे वाक्य मी सुशिक्षितांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. त्यांना माझा एकच प्रश्न असतो: तुमचा धंदा ज्या माहितीवर चालतो ती उद्या बाजारात मांडली तर चालेल का? आमच्या किनाऱ्यावर खासगीपणा ही पोटाची गोष्ट आहे.

आता आईची बाजू. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ओखी वादळ आले. केरळ आणि तमिळनाडूच्या 68 नौका, 952 खलाशी भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. देवगड बंदरात त्यांना आसरा मिळाला. माणसे इथे सुखरूप, आणि तिकडे त्यांच्या घरी कोण जिवंत आहे याचा पत्ता नाही. खोल समुद्रात मोबाइल लागत नाही, वायरलेसचा पल्ला तोकडा. त्या वेळी प्रत्येक होडीवर अशी पेटी असती तर किती घरांत चूल पेटली असती! आणखी एक गोष्ट. भारत आणि पाकिस्तान दर वर्षी 1 जानेवारीला आणि 1 जुलैला परस्परांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. कराचीच्या तुरुंगात अडकलेल्या खलाशाला घरी आणते ती त्याच्या नावाची यादीतली ओळ. नाव कुठेच लिहिलेले नसेल तर माणूस कायमचा हरवतो. नोंद जीव वाचवते, हे मान्य न करता खासगीपणावर बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

पाळतीबद्दल आमच्या लोकांचे मत आणखी एका कारणाने गुंतागुंतीचे आहे: ती आम्हालाही हवी असते, पण दुसऱ्यांवर. मालवणचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीन नेटच्या आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरच्या विरोधात वर्षानुवर्षे लढत आले आहेत. पर्ससीनचे जाळे थवेच्या थवे एका फेऱ्यात उचलते. 2016 मध्ये राज्याने त्यावर निर्बंध घातले. रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी खेचून मारण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. तरी अंधार पडला की क्षितिजावर उजेड दिसतो, हे इथले कोणीही सांगेल. जानेवारी 2025 पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोन आणले, तेव्हा आमच्याकडे त्याचे स्वागतच झाले. मला यात विसंगती दिसत नाही. रापणवाल्याची जागा त्याची राहावी आणि लुटणाऱ्याचा उजेड सगळ्यांना दिसावा, या दोन्ही मागण्यांचे मूळ एक आहे. दुबळ्याचे झाकलेले राहावे, बळवंताचे उघडे व्हावे.

जगाचे राजकारण आमच्या लिलावात कसे शिरते तेही सांगतो. 2010 पासून युरोपात मासळी पाठवायची तर ती कोणत्या नौकेने पकडली याचा दाखला लागतो. 2019 मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी बंद केली, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासव सुटण्याची सोय नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये तिथेच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क बसले, त्यात कोळंबीही आली. कासव वाचायलाच हवे. आमच्या किनाऱ्यावर लोक त्याची अंडी राखतात. पण नियम वॉशिंग्टनला ठरतो, दाखला ब्रुसेल्सला तपासला जातो आणि दर मात्र आमच्या वाळूवर पडतो. कार्ताझाच्या काळात हे लिस्बनला ठरत होते. राजधानी बदलली, रीत तीच.

कायद्याने आपण पुढे आलो आहोत, हे नक्की. पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यातल्या नंदुरबारच्या टेंभली गावात दिले गेले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. पोर्तुगिजांच्या काळात असे सांगणारे कोणी नव्हते. 2023 मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि कंपन्यांना संमतीशिवाय माहिती वापरता येणार नाही असे ठरले. पण त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही दिला. इथे मला आज्ञापत्राची आठवण होते. अमात्यांनी आरमाराला सूट दिली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे चार वाक्यांत सांगता येते. होडीवरच्या पेटीतली माहिती वादळात शोध घ्यायला आणि हद्दीच्या राखणीला वापरावी. व्यापाऱ्याला, कंपनीला किंवा दुसऱ्या खात्याला ती परस्पर देऊ नये. ती किती दिवस ठेवणार आणि कोणी बघितली हे होडीच्या मालकाला विचारता यावे आणि लेखी उत्तर मिळावे. आणि यंत्राची पहिली नजर मोठ्या ट्रॉलरवर, एलईडीच्या उजेडावर पडावी, मग लहान होडीवर.

मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत डिझेल परताव्याचे विषय निघतात तसे हे विषयही निघायला हवेत. पेटी घेताना सही करण्याआधी कागद मराठीत मागा, वाचून घ्या, नसेल कळत तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. विचारणाऱ्याला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. पण ज्याला विचारायचा अधिकार आहे त्याने उत्तरही दिले पाहिजे. ते मिळवण्यासाठी आता तोफा लागत नाहीत. एक अर्ज, एक ठराव आणि मागे न हटणारी चार माणसे पुरतात.